दार उघडलं की आधी पायाखाली उजेड पडला पाहिजे

मागच्या फेब्रुवारीत माझे वडील, अण्णा, त्यांच्या पिकअपमधून उतरताना पडले. ओतूरवरून कांदा भरून वाशीला निघाले होते, माळशेज उतरून मुरबाडच्या अलीकडं चहाला थांबले, पहाटेचा दीड वाजला असेल, दार उघडलं आणि नेहमीप्रमाणं उजवा पाय खाली टाकला तर पायदानावर चिखलाचा वाळलेला गोळा होता तो दिसलाच नाही. पाय मुरगळला, गुडघा खडीवर आपटला. त्याच पायानं ब्रेक दाबत वाशीपर्यंत गेले, माल खाली केला, हिशेबाची पट्टी घेतली आणि परत घरी आले तेव्हा घोटा नारळाएवढा झालेला. बारा दिवस गाडी दारात उभी राहिली. वय ५८ आहे, हाड मोडलं नाही हेच नशीब.

मी चाकणला पॅनल वायरिंगच्या कामाला आहे, आयटीआय केलंय, दिवसभर हेच करतो, आणि माझ्याच बापाच्या गाडीत उतरताना पाय कुठं पडतोय ते दिसत नाही याची मला फार टोचणी लागली. रविवारी घरी गेलो आणि रात्री मुद्दाम केबिनमध्ये जाऊन बसलो. छताला मधोमध एक छोटा दिवा, आत तो दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट १० वॅटचा बल्ब, कव्हर पिवळं पडलेलं आणि त्यात मेलेल्या चिलटांचा थर. दार उघडलं की लागतो, पण उजेड सीटवर आणि आपल्या डोक्यावर. सीटच्या खाली, पॅडलपाशी, पायदानावर सगळा अंधारच, उलट आपल्याच अंगाची सावली तिथं पडते.

खरं तर आधी एकदा दिवे लावून झाले होते. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी एका दुकानातून निळी एलईडी पट्टी बसवून घेतली होती, दोन मीटर, डॅशबोर्डच्या खाली गोल फिरवून, थेट बॅटरीवरून वायर आणि एक वेगळं बटण. दिसायला छान दिसायची. पण ते बटण रात्री कोण दाबणार, एका हातात पावत्या, एका हातात मोबाईल, डोळ्यावर झोप. आणि ज्या दिवशी दाबलं त्या दिवशी बंद करायचं राहिलं, सकाळी सेल मारला तर नुसतं टक टक. जाड एलईडीची पट्टी मीटरला साधारण १४ वॅट खाते, दोन मीटर म्हणजे २८ वॅट, १२ व्होल्टला सव्वादोन-अडीच अँपिअर झाले, रात्रभरात दहा तास धरले तर २३-२४ अँपिअर-तास गेले. आमची बॅटरी ६५ अँपिअर-तासांची आणि तीही तिसऱ्या वर्षातली, त्यात थंडीची डिझेल गाडी. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून चालू केली आणि त्याच दिवशी अण्णांनी पट्टीची वायर उपसून टाकली.

म्हणून यावेळी ठरवलं की बटण नकोच. दार उघडलं की लागायचं, लावलं की विझायचं, म्हणजे छताच्या दिव्याचं जे सर्किट आहे त्यावरच पायाखालचे दिवे घ्यायचे. काम अवघड नाही पण यात एक गोष्ट आधी कळली पाहिजे, ती कळली नाही तर पुढं सगळं चुकतं, ती म्हणजे तुमच्या गाडीत दाराचा स्विच कोणती बाजू तोडतो, प्लस की मायनस.

आमच्या गाडीत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांत, प्लस फ्यूजमधून थेट दिव्याला आलेला असतो आणि तो कायम जिवंत असतो, चावी काढली तरी. दिव्याची मायनस बाजू दाराच्या चौकटीतल्या त्या दाबाच्या स्विचला जाते. दार बंद असताना स्विचची दांडी दाबलेली, सर्किट तुटलेलं. दार उघडलं की दांडी बाहेर येते आणि आतली पत्ती गाडीच्या बॉडीला टेकते, बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, म्हणजे अर्थ (मायनस) मिळाला, दिवा लागला. म्हणून त्या स्विचला बहुतेक वेळा एकच वायर दिसते, दुसरी बाजू स्विचची स्वतःची लोखंडी बॉडी आणि तो ज्या स्क्रूनं बसवलाय तो स्क्रू. काही गाड्यांत मात्र उलटं असतं, जुन्या अमेरिकन फोर्ड ट्रकमध्ये दाराचा स्विच प्लस तोडतो आणि दिव्याचा मायनस कायम बॉडीला असतो. आणि आताच्या नवीन गाड्यांत दिवा हळूहळू मंद होत विझतो ना, तिथं मधे कंट्रोल युनिट बसलेलं असतं, त्याच्या वायरीवर जास्तीचा भार टाकायचाच नाही, छोटा रिले घ्यायचा, म्हणजे थोड्याशा करंटनं चालणारा स्विच, त्याची कॉइल त्या वायरीवर आणि दिव्यांचा करंट वेगळ्या फ्यूजवरून.

हे ओळखायला वायरीच्या रंगावर जाऊ नका. दहा वर्षांच्या गाडीत तीन वायरमननी हात घातलेला असतो, लाल वायरीला काळी जोडलेली मी स्वतः पाहिलीय. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, घ्या. दिव्याचं बटण मधल्या म्हणजे दाराच्या खुणेवर ठेवा, बल्ब जागेवर असू द्या, मीटरची काळी पिन बॉडीच्या उघड्या लोखंडावर आणि लाल पिन दाराच्या स्विचच्या वायरीवर. दार लावलेलं असताना, म्हणजे स्विचची दांडी बोटानं दाबून धरली तरी चालेल, आमच्याकडं १२.४ आले. दांडी सोडली, दिवा लागला आणि मीटर शून्यावर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, दिवा लागलाय आणि व्होल्टेज शून्य कसं? कारण दिवा बंद असताना करंटच वाहत नाही, मग बल्बच्या तारेत काही व्होल्टेज खर्च होत नाही, प्लसचे १२ तसेच तारेतून पलीकडं येऊन उभे राहतात. दार उघडलं की ते टोक बॉडीला टेकलं, सगळे १२ बल्बवरच खर्च झाले, टोकाला शून्य. बल्ब काढून बघितलं तर १२ येणारच नाहीत, म्हणून बल्ब असू द्या म्हटलं. हे असं दिसलं की समजायचं मायनस तोडणारी गाडी आहे.

मीटर नसेल आणि गॅरेजवाल्यासारखा टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर लावलेला बल्ब, वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, त्या वायरीला टेस्ट लॅम्प लावून दुसरं टोक बॉडीला दिलं की दोन बल्ब एकामागे एक लागतात, छताचाही मिणमिणतो आणि हातातलाही. गाडी बिघडली नाही, दोघांत १२ व्होल्ट वाटले गेलेत एवढंच.

आता जोडणी. मायनस तोडणारी गाडी असेल तर नवीन दिव्यांचा प्लस हा छताच्या दिव्याच्या कायम जिवंत प्लसवरून, आणि मायनस हा दाराच्या स्विचच्या वायरीवर. मायनस बॉडीला नाही! सगळ्यात जास्त हीच चूक होते, सवयीनं मायनस जवळच्या नटाला बांधून टाकतात आणि दिवे मग चोवीस तास चालू राहतात, मग म्हणतात स्विच खराब आहे. स्विचला त्या दिव्यांचा पत्ताच नसतो. अशा जोडणीचा एक फायदा असा की छताच्या दिव्याचं बटण अण्णांनी पूर्ण बंद करून ठेवलं तरी पायाखालचे दिवे दारावर लागतातच, कारण आपण त्या बटणाच्या पलीकडून घेतलंय. अण्णा गाडीत झोपतात तेव्हा छताचा बंद ठेवतात, त्यामुळं मला हेच पाहिजे होतं.

दिवे कुठले घ्यायचे यावर मी बराच विचार केला. पट्टी परत लावायची नव्हती, उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये तिचा मागचा गोंद पाघळतो आणि पट्टी लोंबायला लागते, पॅडलपाशी लोंबलेली वायर म्हणजे धोकाच. मी साईनबोर्डवाले अक्षरांच्या आत वापरतात ती १२ व्होल्टची एलईडी मॉड्यूल घेतली, तीन-तीन एलईडीची, वरून सील केलेली, पाणी जात नाही, आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची जागा असते. एक साधारण एक वॅटचं. सहा घेतली. दोन ड्रायव्हरच्या पायापाशी डॅशच्या खालच्या कडेला, एक त्याच्या पायदानाच्या वर चौकटीच्या आतल्या बाजूला म्हणजे उजेड पायदानावर आणि खाली जमिनीवर पडेल, आणि तीन तशीच पलीकडच्या बाजूला. रंग पिवळसर पांढरा घेतला. निळा अजिबात नको, निळ्यात पावतीवरची शाई दिसत नाही आणि काचेवर चमक येते. सगळे दिवे तोंड खाली करून लावले, एलईडीचा ठिपका डोळ्याला थेट दिसता कामा नये, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला बराच वेळ लागतो आणि चहा पिऊन लगेच घाटात गाडी घालायची असेल तर डोळ्यात झगझगीत उजेड घेऊन निघणं बरं नाही.

भाराचा हिशेब सांगतो कारण लोक इथं घाबरतात किंवा अजिबातच बघत नाहीत. मूळ बल्ब १० वॅट, म्हणजे पाऊण-एक अँपिअरच्या आत. तो काढून त्याच मापाची २ वॅटची एलईडी टाकली. नवीन सहा मॉड्यूल ६ वॅट. एकूण ८. म्हणजे सात दिवे झाले आणि जुन्या वायरीवर, जुन्या स्विचवर भार आधीपेक्षा कमीच झाला. छताची एलईडी टाकताना लागली नाही तर फिरवून टाका, बल्बला उलटं-सुलटं नसतं, एलईडीला असतं.

कामाला सुरुवात केली ती बॅटरीचा मायनस काढून, अर्थात मीटरची सगळी तपासणी आधी उरकून. फ्यूजही आधीच काढून बघितला होता की त्यासोबत आणखी काय काय बंद होतं, आमच्या गाडीत गाण्यांचा टेप बंद झाला, म्हणजे दोघांचा फ्यूज एकच. काही गाड्यांत यावर जास्त महत्त्वाच्या गोष्टी असतात, म्हणून नवीन फांदीला स्वतःचा २ अँपिअरचा फ्यूज दिला, अगदी जोडाच्या जवळ. उद्या पायापाशी वायर घासली तर तो एकटा जाईल.

वायर अर्धा स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची गाडीचीच. घरातल्या फिटिंगची उरलेली एका तारेची वायर वापरू नका, हादऱ्यानं ती आतल्या आत तुटते आणि वरून कळतही नाही. छताच्या दिव्यापासून खाली मी एकच वायर आणली, प्लसची. कापडी छताच्या कडेनं, काचेच्या बाजूच्या खांबाच्या प्लास्टिकमागून, मग दाराच्या रबराच्या आतून खाली. मायनससाठी वरून वायर आणायची गरजच नाही, दाराचा स्विच खालीच चौकटीत आहे, त्याचीच वायर मागून धरली. इथं एक समजून घेण्यासारखं आहे. स्विचकडची वायर कुठं दबून बॉडीला लागली तर काय होईल, दिवे लागून राहतील, बस. पण प्लसची वायर बॉडीला लागली तर ठिणगी. आणि ती गाडी बंद असतानाही जिवंत असते. म्हणून जपायची ती प्लसची. जिथं पत्र्याच्या भोकातून गेली तिथं ग्रोमेट म्हणजे रबरी कडी, बाकी सगळी प्लास्टिकच्या नळीत.

जोडाला मी सर्वात जास्त वेळ दिला. नुसतं पिळून वरून काळी टेप हा प्रकार मला बघवत नाही. एका उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, हात लावला की चिकट, आणि टेप स्वतःच मागं सरकलेली असते. ते निळे दाबायचे क्लिपही मी टाळले, वायर न सोलता जोड होतो खरा, पण आतली पत्ती दोन-चार तारा कापते आणि माळशेजच्या रस्त्यावर रोज हादरे खाऊन तो ढिला होतो. मी आधी वायरीवर आचेनं आवळणारी स्लीव्ह (नळी) सरकवली, तारा एकमेकीत गुंतवून सोल्डर केलं, थंड होऊ दिलं, स्लीव्ह वर घेऊन लायटरच्या आचेनं आवळली. सोल्डर तारेत आतपर्यंत जातो आणि तिथं वायर कडक होते, ती कडक जागा जिथं संपते तिथंच हादऱ्यानं तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचावर वायर मुख्य जुडग्याला बांधून टाकली, जोड हललाच नाही पाहिजे. वरून कापडी टेप.

पलीकडच्या दाराला स्विचच नव्हता. हमाल किंवा क्लीनर त्याच बाजूनं चढतो-उतरतो. दुकानातून तसलाच दाबाचा स्विच आणला, चौकटीत भोक पाडलं, भोकाच्या कडेला रेड ऑक्साईड लावलं नाहीतर पहिल्या पावसात गंज, फक्त स्क्रूच्या खाली रंग खरवडून चकचकीत पत्रा केला कारण अर्थ तिथूनच मिळणार. त्याची वायर पहिल्या स्विचच्या वायरीलाच जोडली. कुठलंही दार उघडा, दोन्हीकडं उजेड. दोन्ही बाजू वेगळ्या लागाव्यात असं वाटलं तर मधे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडणारे भाग, घालावे लागतात, मला गरज नव्हती, रात्री जेवढं दिसेल तेवढं बरं.

हौद्यातला दिवा मात्र मी यावर घेतला नाही. गोण्या उतरवायला दीड-दोन तास लागतात, तेवढा वेळ दार उघडं ठेवायचं का? त्याला वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि बटण.

बॅटरी जोडली, दार उघडलं. संध्याकाळचे सात वाजलेले. पायदानाची जाळी, तिच्यात अडकलेली कांद्याची लालसर सालं, खाली अंगणातली खडी, माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा, सगळं स्वच्छ दिसलं. आई ओट्यावरून म्हणाली, "आता कसं, देवघरासारखं वाटतंय." अण्णा काही बोलले नाहीत, तीन वेळा चढले आणि उतरले.

तिसऱ्या रात्री त्यांचा फोन. "अरे, दार लावलं तरी तुझे दिवे मिणमिणतायत. काजव्यासारखे. बॅटरी उतरायची नाही ना?" त्या दिवशी गाडी धुतली होती. मला अंदाज आला. शनिवारी जाऊन ड्रायव्हरच्या बाजूचा जुना स्विच खोलला तर त्याचं रबरी टोपण फाटलेलं, आत ओला चिखल. दांडी दाबलेली असली तरी त्या ओल्या मातीतून थोडासा करंट बॉडीत झिरपत होता. १० वॅटच्या बल्बला तेवढ्या करंटनं काहीच होत नाही, तार गरमसुद्धा होत नाही, म्हणून किती दिवस हे चाललं असेल कळलंच नाही. एलईडीला मात्र एक-दोन मिलिअँपिअर मिळाले तरी ती उजळते. म्हणजे दिव्यांमुळं बिघाड झाला नव्हता, जुना बिघाड दिसायला लागला होता. स्विच नवीन टाकला, आणि दोन्ही स्विचना टोपणं बसवली. तेव्हापासून दार लावलं की पूर्ण काळोख. मीटर लावूनही बघितलं, बॅटरीच्या मायनसमध्ये मालिकेत, दारं बंद आणि चावी बाहेर असताना फक्त टेपच्या घड्याळापुरता करंट.

गावातल्या एकाची दहा टायरची गाडी आहे, त्यानं हे बघून तशीच मॉड्यूल आणून लावली आणि चालू केल्या केल्या जळली. मोठ्या गाड्यांत १२-१२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक असतात, सर्किट २४ व्होल्टचं, आणि इंजिन चालू असताना ते २७-२८ होतं. अशा गाडीला २४चीच मॉड्यूल आणा, किंवा १२ची दोन-दोन एकामागे एक जोडा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ काढून घ्यायचा शहाणपणा बरेच जण सुचवतात, तो करू नका, एक बॅटरी कायम कमी चार्ज राहते, दुसरी जास्त खाते, आणि वर्षभरात जोडीच जाते. त्याला मी २४ची आणून दिली, लावूनही दिली. त्याची आधीची पट्टी तर दाराला होती, दाराच्या बिजागरीपाशी वायर रोज मुडपून तुटायची, ती काढून चौकटीत घेतली.

एक काम शेवटी केलं, जे कंपनीत प्रत्येक पॅनलला करतो. पॅनलच्या दाराच्या आत ड्रॉईंगचा खिसा असतो, पुढच्या माणसाला काय कुठं गेलंय ते कळावं म्हणून. अण्णांच्या छताच्या दिव्याचं कव्हर मी धुऊन पुसून बसवलं तेव्हा त्याच्यामागं एक छोटा कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला, सोबत २ अँपिअरचे दोन जास्तीचे फ्यूज चिकटवले. त्यावर लिहिलंय: "लाल = कायम प्लस, फ्यूज याच दिव्याच्या मागे. काळी = दाराच्या स्विचकडे, बॉडीला लावू नये. पायाखाली सहा दिवे, ६ वॅट. हौदा वेगळा." आणि खाली तारीख.